पैठणची शिवारफेरी : पीकपाहणीत पक्ष्यांची नोंद

पिकाची पाहणी करताना आपण जमिनीतील ओल, रोपांची संख्या, तण, कीड व रोग ह्यांची नोंद करतो. त्याच शेतात पहाटेपासून सायंकाळपर्यंत वावरणाऱ्या पक्ष्यांची नोंद मात्र सहसा कोणी करीत नाही. पाखरू म्हटले की कणसावर बसणारे, दाणा टिपणारे, गोफणीने हाकलावयाचे, एवढीच त्याची ओळख आपण ठेवतो. वास्तविक शेतात उतरणाऱ्या पक्ष्यांपैकी पुष्कळांचा आहार किडे, अळ्या व उंदीर हाच आहे. कोणता पक्षी कोणत्या कामासाठी शेतात आला आहे हे ज्यास कळते, त्यास फवारणी खरोखर हवी आहे की नाही, हेही अधिक नेमकेपणाने ठरविता येते. ह्या पाठाचा हेतू तेवढाच आहे.

हा पाठ पुस्तकावरून शिकण्यापेक्षा शिवारात फिरून शिकणे सोपे जाते. त्यासाठी पैठणची निवड करण्याचे कारण असे की, तेथे जुने ऐतिहासिक गाव, विस्तीर्ण जलाशय, पाटपाण्याखालील ऊस व मोसंबीच्या बागा आणि कोरडवाहू ज्वारी-हरभऱ्याची शेते ही सर्व जवळजवळ आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दहा-पंधरा शेतकऱ्यांचा गट घेऊन एक मुक्काम केला, तर पहिल्या दिवशी गाव व दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाणी आणि शिवार, असे सर्व पाहून होते.

गावाची ओळख

पैठण हे छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले आहे. ह्याचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ही राजधानी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या प्रवासवृत्तात पैठणचा उल्लेख आहे. येथून अकीकासारखे दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेत असत, असे त्यात सांगितले आहे. सातवाहन राजा हाल ह्याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ ह्या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात गोदातीर, खेडी, शेते आणि नांगर धरणारे शेतकरी ह्यांची वर्णने आढळतात. दोन हजार वर्षांपूर्वीही ह्या गावाचे वैभव भोवतीच्या काळ्या जमिनीवर उभे होते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

संत एकनाथ (१५३३–१५९९) हे पैठणचे. त्यांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यांची समाधी येथेच आहे व फाल्गुन वद्य षष्ठीस, म्हणजे नाथषष्ठीस, येथे मोठी यात्रा भरते. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदविले ही कथा परंपरेने येथील नागघाटाशी जोडलेली आहे. पैठणीचे माग पाहिल्याशिवायही गाव सोडू नये. रेशीम व जर ह्यांनी विणलेल्या पदरावर मोर आणि पोपट असतात, ते अवश्य निरखावेत. पक्ष्याचा डौल व रंग ह्यांकडे पाहण्याची दृष्टी येथील कारागिरांस पूर्वीपासून आहे. शेतकऱ्याने तिच्यात पक्ष्याच्या कामाची ओळख मिळवावयाची आहे.

नाथसागर

गावाच्या पश्चिमेस जायकवाडी धरणाचा जलाशय पसरला आहे. एकनाथांच्या नावावरून त्यास नाथसागर म्हणतात. धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनी त्याचे उद्घाटन केले. धरण मातीचे असून त्याची लांबी सुमारे १० किलोमीटर आहे. त्यास २७ दरवाजे आहेत आणि पूर्ण भरल्यावर सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी त्यात साठते.

येथील भूप्रदेश सपाट असल्यामुळे पाणी खोल न जाता दूरवर पसरले आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. लांब पायांच्या पक्ष्यांस उथळ पाण्यात उभे राहून अन्न शोधता येते आणि पाणी ओसरू लागले की मैलोगणती चिखल उघडा पडतो. डॉ. सलीम अली ह्यांनी १९३१-३२ साली तत्कालीन हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा पैठण त्या संस्थानात होते. परंतु हा जलाशय नव्हता. आज हिवाळ्यात येथे दिसणारे पाणपक्ष्यांचे मोठे थवे धरण झाल्यानंतरचे आहेत. १९८६ साली सुमारे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. माणसाने पाण्याची व जमिनीची व्यवस्था बदलली की पाखरांची वस्तीही बदलते, हा नाथसागराचा पहिला धडा होय.

फेरीची तयारी

फेरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सूर्योदयापूर्वी अर्धा तास काठावर पोहोचावे. पैठणच्या बाजूने जलाशय पश्चिमेस येत असल्याने सकाळी सूर्य आपल्या पाठीशी राहतो व पाण्यावरील पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. भडक कपडे घालू नयेत. बोलणे हळू असावे. आठपट मोठे दाखविणारी एक दुर्बीण दहा जणांत पुरते. अभयारण्याच्या क्षेत्रात जाण्यापूर्वी वन विभागाकडून आवश्यक ती परवानगी घ्यावी. धरणाच्या भिंतीवर व प्रतिबंधित जागी जाऊ नये.

प्रत्येकाने वहीत सहा रकाने आखावेत : वेळ, जागा, पीक व त्याची अवस्था, पक्षी, संख्या आणि तो काय करीत होता. ह्यांपैकी शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पक्ष्याचे नाव ठाऊक नसेल तर आकार, चोच, पाय व रंग लिहावेत. नाव मागाहून मिळते, परंतु तो काय खात होता हे त्याच वेळी पाहिले नाही तर कायमचे हुकते.

पहाटे पाण्यावर

प्रथम काळसर अंगाचा व कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी पक्षी ओळखावा. नाथांच्या गावी हे नाव ध्यानात राहण्यास अडचण नाही. चोचीच्या मुळाशी तांबडे ठिपके व टोकास पिवळा रंग असलेले ते हळदी-कुंकू बदक. हे आपल्याकडे बारमाही राहते. पसरट चोचीचा थापट्या, लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक आणि नारिंगी-तपकिरी चक्रवाक हे हिवाळी पाहुणे आहेत. गुलाबी लांब पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालताना दिसतो. चित्रबलाक व अग्निपंख दिसले तर ते लांबूनच पाहावेत. थवा उडविण्यासाठी टाळ्या वाजवू नयेत. दूरवरून आलेल्या पक्ष्यास चारा व विश्रांती ह्यांची गरज असते आणि वारंवार उडविल्याने त्याची शक्ती व्यर्थ जाते.

डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंस मंगोलिया, तिबेट व लडाख ह्या भागांत अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. पहाटे व सायंकाळी हे थवे काठच्या हरभऱ्यात व गव्हात चरावयास उतरतात. अशा शेतकऱ्याची तक्रार खोटी नसते. तेथे राखण करावी, माणसाचा वावर ठेवावा, चमकणाऱ्या फिती बांधाव्यात. परंतु विषारी दाणे टाकणे किंवा जाळी लावणे हा उपाय नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार तो गुन्हाही आहे.

दिवसभर शिवारात

ऊन वर आले की काठ सोडून पाटाच्या बाजूने शिवारात चालावे. एका किलोमीटरास अर्धा तास, ह्याहून घाई करू नये. पाहावयाची कामे पुढीलप्रमाणे :

(१) पाण्याच्या पाळीमागे : शेतात पाणी सोडले की भेगांतील किडे, नाकतोडे व अळ्या बाहेर पडतात. पाण्याच्या पुढच्या टोकापाशी गायबगळे, साळुंक्या व धोबी पक्षी चालताना दिसतील. ते पिकाचे पान किंवा दाणा खाण्यासाठी आलेले नाहीत.

(२) नांगरामागे : उसात हुमणीचा उपद्रव असलेल्या शेतात उन्हाळी नांगरट केल्यावर पांढऱ्या अळ्या वर येतात. कावळे, साळुंक्या व बगळे त्या वेचून खातात. म्हणून अशी नांगरट दिवसा, शक्यतो सकाळी करावी. रात्री ट्रॅक्टर चालविल्यास सकाळ होईपर्यंत पुष्कळ अळ्या पुन्हा मातीत शिरतात आणि फुकट मिळणारी ही मजुरी वाया जाते.

(३) तारेवर व खुंटावर : दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल, निळ्या पंखांचा नीलपंख, हिरवा वेडा राघू व डोळ्यावर काळी पट्टी असलेला खाटीक हे उंच जागी बसून खाली झेप घेतात आणि पुन्हा त्याच जागी येतात. ह्यांना शेतात बसावयास जागा असली, तरच त्यांचे काम शेतात होते. नुसत्या तुटलेल्या बांधांच्या व झाडे तोडलेल्या शिवारात ते दिसत नाहीत, ह्याची नोंद घ्यावी.

(४) रात्रीचे राखणदार : गव्हाणी घुबड व पिंगळा ह्यांस अपशकुनी समजून दगड मारण्याची चाल अजून काही ठिकाणी आहे. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर हेच आहे. त्याच्या बसण्याच्या जागेखाली करड्या रंगाच्या वाळलेल्या गोळ्या पडलेल्या असतात. एक गोळी काडीने उकलून गटास दाखवावी. आत उंदरांची हाडे, दात व केस सापडतात. दहा मिनिटांच्या भाषणाहून ही एक गोळी अधिक पटवून देते.

हरभऱ्यातील पक्षिथांबे

ह्या फेरीतून घरी न्यावयाचे प्रात्यक्षिक म्हणजे पक्षिथांबे. हरभऱ्यावरील घाटे अळी प्रथम पाने व फुले आणि नंतर घाट्यात तोंड खुपसून दाणे खाते. तिच्यासाठी हेक्टरी सुमारे ५० थांबे उभे करावेत. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची काठी पिकाहून एक-दोन फूट उंच राहील अशी रोवावी. पेरणीच्या वेळी थोडे ज्वारीचे किंवा मक्याचे बी विखरून टाकल्यास ती ताटेही थांब्यांचे काम करतात. सोबत हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत.

शेतात दहा ठिकाणी प्रत्येकी एक मीटर ओळीवरील अळ्या मोजाव्यात. मीटरमागे सरासरी १ ते २ अळ्या, किंवा ५ टक्के घाटे किडलेले आढळले, तर नियंत्रणाचा उपाय योजावा. त्यातही प्रथम निंबोळी अर्क ५ टक्के किंवा घाटे अळीचा विषाणू, म्हणजे एच. ए. एन. पी. व्ही., सायंकाळी फवारावा. ह्या विषाणूने पक्ष्यांस अपाय होत नाही. उलट रोगट अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून तो शेतात आणखी पसरतो. मर्यादेच्या खाली अळ्या असता, केवळ शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही रासायनिक औषध फवारले, तर अळीबरोबर तिचे भक्षकही जातात आणि पुढच्या पिढीतील अळ्यांस रान मोकळे मिळते.

थांबे कायम ठेवावयाचे नसतात. दाणा पक्व होऊ लागला की ते काढून घ्यावेत, म्हणजे दाणे खाणाऱ्या पाखरांस बसण्याची सोय राहत नाही.

नुकसानही मान्य करावे

सर्वच पक्षी सर्व काळ शेतकऱ्याचे मित्र असतात असे सांगणे बरोबर होणार नाही. मध्य आशियातून येणाऱ्या गुलाबी-काळ्या भोरड्या थव्याथव्याने ज्वारीवर उतरतात. पोपट व चिमण्याही कणसे फोडतात. परंतु ह्याच भोरड्या टोळ व नाकतोडेही मोठ्या संख्येने खातात. तेव्हा प्रश्न पक्षी मारण्याचा नसून कणीस राखण्याचा आहे. दाणा चिकात आल्यापासून टणक होईपर्यंतचे दिवस खरे धोक्याचे असतात. त्या काळात सकाळी व सायंकाळी माळ्यावरून राखण करावी. गावातील शेतकऱ्यांनी ज्वारी एका सुमारास पेरली तर थवे सर्व शिवारात विभागले जातात. पुढे-मागे पेरलेल्या एकट्या शेतावर सर्व भार पडतो.

विषाचा हिशेब

१९९५-९६ साली अर्जेंटिनात टोळ मारण्यासाठी मोनोक्रोटोफॉस फवारले गेले आणि ते टोळ खाणारे शिकारी पक्षी हजारोंच्या संख्येने शेतातच मरून पडले. आपल्याकडील उदाहरण ह्याहून जवळचे आहे. जनावरांस दिलेल्या डायक्लोफिनॅक ह्या वेदनाशामकाचा अंश मृत जनावराच्या मांसात राहिला आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९२ ते २००७ ह्या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. २०२३ साली कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक ह्यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी घालण्यात आली. ज्या शेतकऱ्याने आजारी बैलास ते औषध टोचून घेतले, त्याचा हेतू बैल वाचविण्याचाच होता. पण परिणाम शिवाराबाहेर गेला. गावाबाहेर पडलेले जनावर जी गिधाडे अल्पावधीत साफ करीत, ती गेल्यावर तेथे कुजणारे मढे व मोकाट कुत्री राहिली.

ह्यावरून पुढील नियम पाळावेत. पक्षी शेतात चरत असताना फवारणी करू नये. औषध लावलेले बियाणे मातीने पूर्ण झाकावे; धुऱ्यावर सांडलेले दाणे वेचून पुरावेत, कारण होले, तित्तर व मोर ते टिपतात. उंदरांच्या विषाने मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत, नाहीतर ते खाऊन घुबड व घारही मरते. पंप व डबे पाटात किंवा जलाशयात धुऊ नयेत. जनावरास वेदनाशामक देताना पशुवैद्यकास विचारून मेलॉक्सिकॅमसारखे, गिधाडांस सुरक्षित ठरलेले औषध घ्यावे. उसाचे पाचट जाळू नये; आगीत लावे व तित्तर ह्यांची जमिनीवरील घरटी जातात आणि जमिनीचा सेंद्रिय अंशही जातो. पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवावे.

गाळपेऱ्यातील घरटी

जलाशयाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात पेरा होतो. त्याच उघड्या जमिनीवर व बेटांवर उन्हाळ्यात टिटवी, नदी सुरय व आर्ली हे पक्षी अंडी घालतात. घरटे असे काही नसते. मातीतील उथळ खळगा व त्यात मातीच्याच रंगाची दोन-चार अंडी. पाहिल्यावाचून नांगर किंवा ट्रॅक्टर गेला तर सर्व वीण नष्ट होते. पक्षी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागला, तर जवळ अंडी आहेत असे समजावे, चार काड्या रोवून तेवढी जागा सोडून द्यावी आणि उन्हात तेथे घोळका करून उभे राहू नये. पक्षी उठून राहिला तर अंडी तापून जातात. एवढ्या जागेने उत्पन्नात फरक पडत नाही.

पुढील काम

फेरीहून परतल्यावर गटाने एक हरभऱ्याचे शेत निवडावे. अर्ध्या भागात थांबे लावावेत व अर्धा तसाच ठेवावा. पहिल्या, आठव्या व पंधराव्या दिवशी दोन्ही भागांतील अळ्या मोजाव्यात आणि सूर्योदयानंतर पंधरा मिनिटे प्रत्येक भागात उतरणारे कीटकभक्षक पक्षी मोजावेत. आकडे चावडीवरील फळ्यावर लिहावेत. नाथांनी प्रती पडताळून पाठ शुद्ध केला. आपणही ऐकीव मताऐवजी शेतातील मोजणीवरून आपला पाठ शुद्ध करावा. फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी अळ्या मोजाव्यात, आणि अळ्यांबरोबर पाखरेही मोजावीत. ही सवय ज्या गावात रुजेल, त्या गावाचा औषधांवरील खर्च विचारपूर्वक होईल आणि शिवारातील हे बिनपगारी कामकरी पुढील हंगामातही कामावर हजर राहतील.